श्रावणी सोमवारी हिमनदीपाशी

आमच्या यांनी उभा जन्म हिमनदी शिकवली आणि एकदाही पाहिली नाही. कऱ्हाडच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकवायचे. खिडकीबाहेर उसाची शेतं, पलीकडे आगाशिवाचा डोंगर, जिकडे बघावं तिकडे काळा पाषाण, आणि आत फळ्यावर खडूने काढलेली हिमनदी. समोरच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असायचा तो रसवंतीगृहातला, गोणपाटात गुंडाळलेला. एकदा गंगोत्रीला जायचं ठरवलं तर दरड कोसळून रस्ता बंद झाला. दुसऱ्यांदा ठरवलं तर सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग निवृत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ गुडघे आले.

यंदा आम्ही मुलीकडे, मिशिगनमध्ये ट्रॉयला आलोय. इथला प्रदेश पोळपाटासारखा सपाट. पंधरा दिवस मॉल आणि मंदिर बघून झाल्यावर हे गप्प गप्प राहू लागले, तेव्हा जावयाने, निखिलने, मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कची तिकिटं काढली. मुक्ताला, म्हणजे माझ्या मुलीला, ऐन वेळी रजा मिळाली नाही. ती फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे वडिलांच्या गुडघ्यांवर तिचा मालकी हक्क आहे. निघताना तिने आम्हा सगळ्यांना दारात उभं करून बजावलं, "बाबांना वर हिमनदीपर्यंत न्यायचं नाही. बोटीने जा, खालचं तळं बघा, लांबून दिसेल तेवढं बघा आणि परत या. उजवा गुडघा परत लॉक झाला तर डोंगरातून उचलून आणावं लागेल." निखिलने मान हलवली. यांनीही हलवली, आणि ती इतकी पटकन हलवली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

विमानातून उतरून गाडीने आम्ही डोंगरांना वळसा घालून पूर्वेच्या बाजूला आलो. आपल्याकडे घाट येण्याआधी टेकड्या लागतात, रस्ता जरा वर-खाली होतो, डोंगर येतोय याची कुणकुण लागते. इथे तसं काहीच नाही. पिवळ्या गवताचं माळरान सरळ जातं आणि एकदम समोर भिंतीसारखे डोंगर उभे. त्यांच्या अंगावर आडवे पट्टे होते, लाल, हिरवट, राखाडी. निखिलने गाडी कडेला घेतली. हे उतरले आणि टोपी काढून उभे राहिले.

"इथे खडक उलटे आहेत," हे म्हणाले. "जुने वर आणि नवे खाली. जमीन रेटली गेली आणि जुना थर सरकत येऊन नव्याच्या डोक्यावर बसला."

"सासरी असंच असतं," मी म्हटलं.

मागच्या सीटवर माझी नात इरा कानात गाण्याची बोंडं घालून बसली होती. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "आजोबा, आर वुई गोइंग टू स्टॉप फॉर एव्हरी रॉक?" तिने विचारलं. "शक्यतो," आजोबा म्हणाले.

आम्ही पार्कच्या बाहेर एका लाकडी खोलीत उतरलो होतो. संध्याकाळी मी साबुदाणा भिजत घातला, कारण दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. विज्ञानाचा माणूस आणि सोमवार, असं आमचे नातेवाईक हसून म्हणतात. पण सोमवार सासूबाईंचा होता. त्या गेल्या त्या श्रावणात यांनी तो धरला आणि नंतर सोडला नाही. त्यावर घरात वाद घालायचा नाही, असा अलिखित नियम आहे. मी स्वतः उपास केव्हाच सोडले, माझ्या पित्ताला देव नको आणि साबुदाणाही नको. बोटीच्या जागा नेमक्या सोमवारच्याच मिळाल्या होत्या. "मग बिघडलं कुठे?" हे म्हणाले. "डबा आहे ना."

जागेची मालकीण टॉवेल द्यायला आली होती. तिने भांड्यात वाकून पाहिलं. "आर दीज बीड्स?" तिने विचारलं. मणी नव्हेत, खायचे आहेत, हे सांगताना माझं सगळं इंग्रजी खर्ची पडलं. सकाळी तिला जिरं-तुपातली गरम खिचडी दिली. ती म्हणाली, चिकट आहे पण छान आहे. यावरून बाई खरं बोलणारी आहे हे कळलं.

सोमवारी सकाळी दरीत शिरलो. तिचं नाव मेनी ग्लेशियर, म्हणजे पुष्कळ हिमनद्यांची दरी. पुष्कळ होत्या तेव्हा ठेवलेलं नाव. तळ्याच्या काठी वाहनतळावर अस्वलांविषयी मोठाल्या पाट्या होत्या. खाण्याचा वास अस्वलाला मैलोगणती दुरून येतो, चालताना बोलत राहा, टाळ्या वाजवा, अचानक समोर जाऊ नका. निखिलने त्या अथपासून इतिपर्यंत वाचल्या आणि त्याचा चेहरा उतरला. कमरेला त्याने अस्वल पळवायच्या तिखटाच्या फवाऱ्याची नळी लावली होती, तिच्यावरचा हात दिवसभर निघाला नाही.

बोट निघाली. पाणी इतकं स्थिर होतं की डोंगर दोनदा दिसत होते. दरीचा तळ रुंद, दोन्ही भिंती सरळसोट. हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "नदी कापते ती दरी चिंचोळी असते. ही हिमनदीने खरवडलीय. बघ, यू!" आणि त्यांनी हवेत यू काढला. हा यू मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात प्रथम पाहिला होता, कणकेच्या परातीत. दुसऱ्या तळ्यासाठी दुसरी बोट होती. तिच्या शेवटच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा समोरच्या उंच कड्यावर एक पांढरा तुकडा चिकटलेला दिसला.

"दॅट्स द ग्लेशियर, आजोबा. डन!" इराने फोटो काढला.

"ती ती नव्हे," हे म्हणाले. "हा वर अडकून राहिलेला तुकडा आहे. एकेकाळी मोठीला जोडलेला होता, मग मधला बर्फ वितळला आणि हा सुटा पडला. मोठी, ग्रिनेल, त्या वरच्या खडकाच्या उंबऱ्यामागे आहे. इथून दिसतच नाही."

जरा पुढे वाट फुटली. सपाट वाट खालच्या तळ्याकडे, चढणीची वाट वर. निखिल खालच्या वाटेला लागला. हे वरच्या.

"बाबा, इकडे!"

"एक वळण बघून येतो."

"मुक्ताला विचारू या का?" निखिलने फोन काढला. त्या दरीत नेटवर्क नावालाही नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते, वरच्या उंबऱ्याकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागत तेव्हाही नव्हते, नुसते उभे होते. "एकच वळण," मी म्हटलं.

एका वळणाची पुढे किती वळणं झाली ते मी मोजलं नाही. वाट कड्याला बिलगून चढत होती. डावीकडे खाली तळं दिसू लागलं, निळं म्हणावं तर हिरवं आणि हिरवं म्हणावं तर दुधट. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात तरंगतं आणि ऊन त्यावर पडलं की हा रंग येतो. मी पाहत राहिले. असा रंग कुठल्या पैठणीलाही साधायचा नाही. उतारावर गुलाबी फुलांचे तुरे डुलत होते, आणि वाटेवरचे खडक काय सांगू, एक विटकरी लाल, त्याला लागून पोपटी, मग जांभळा. एका लाल फरशीवर लाटांच्या वळ्या उमटल्या होत्या, ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा.

"हात लाव," हे म्हणाले. "उथळ समुद्र होता इथे. अजून मासासुद्धा जन्माला आला नव्हता, तेव्हाची लाट आहे ही."

मी हात लावला. मला खरोखर गहिवरून आलं. कुठली कोण ती लाट, आणि माझा बोटांवर हळदीचे डाग पडलेला हात.

मागून अमेरिकन मंडळी येत होती. अस्वलांसाठी आवाज करायचा म्हणून कोणी "हे बेअर, हे बेअर" ओरडत होतं. आम्हाला त्याची गरज पडली नाही. हे शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात शिकवत होते. पांढऱ्या केसांची एक बाई आणि तिचा नवरा आमच्या मागेच चालू लागले. समोरच्या भिंतीत एक लांबलचक काळा पट्टा होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी कड. बाईने विचारलं, हे काय?

"मॅडम, तो आमच्याकडचा पाहुणा!" हे इंग्रजीत म्हणाले. खालून तप्त रस वर आला, थरांच्या मध्ये शिरला, आजूबाजूचा चुनखडक भाजून पांढरा पडला. आमच्या महाराष्ट्राचा काळा दगडही असाच पोटातून वर आलेल्या रसाचा. "मी आयुष्यभर याच्या चुलतभावावर चाललोय." बाई इतकी खूश झाली की तिने आपली काठी यांना देऊ केली. यांनी ती घेतली, यावरून गुडघा बोलू लागलाय हे मी ओळखलं.

एके ठिकाणी धबधबा थेट वाटेवरच कोसळत होता. ओल्या पायऱ्यांवरून भिजत गेलो. पलीकडे रानमेंढ्यांचा एक कळप वाटेत बसला होता, त्यांना उठवायची कोणाची छाती होईना, मग त्याच कंटाळून उठल्या. इराने कानातली बोंडं कधी काढली कोण जाणे. ती आजोबांच्या मागेच चालत होती.

शेवटच्या चढणीखाली लाकडी बाकं आहेत. तिथे पोचलो आणि हे एकदम खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. सकाळपासून पोटात फक्त कोरा चहा होता. "डबा काढ," मी निखिलला म्हटलं.

निखिल जागचा हलला नाही. "आई, डबा गाडीत आहे."

"गाडीत?"

"तुपाचा वास येत होता. आणि ते शेंगदाण्याचे लाडू. अस्वलांचं एवढं लिहिलं होतं... आपण वर येणारच नव्हतो ना! अकरापर्यंत परत गेलो असतो. म्हणून मी डिकीत लॉक केला."

त्याच्या पिशवीत पीनट बटर लावलेली ब्रेडची सँडविचं होती आणि ओट्सच्या वड्या. वासाचं म्हणाल तर पीनट बटर काय कमी घमघमतं! पण त्याच्या मते अस्वल तुपावर येतं. पांढऱ्या केसांच्या बाईनेही काळजीने आपली ओट्सची वडी पुढे केली.

"थँक यू. आय ॲम फास्टिंग," हे म्हणाले.

"अहो, खा," मी म्हटलं. "जिवापेक्षा सोमवार मोठा नाही."

"आईचा आहे तो."

मला संताप आला आणि रडूही आलं. खाल्ल्याशिवाय हा माणूस वर चढू शकत नव्हता, धड खालीही उतरू शकत नव्हता. आणि हिमनदी वरच्या ढिगाऱ्यामागे होती, तिचा गार वारा अंगाला लागत होता. इथून परत फिरलो तर पुन्हा येणं नाही, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं.

आमच्याकडे रीत आहे. घरातल्या माणसाला दुखणं आलं आणि उपास झेपेना, तर तो दुसऱ्याने धरायचा, म्हणजे मोडत नाही. सासूबाईंना ताप भरला होता तेव्हा त्यांचा सोमवार मी काढला होता. "आजचा मी धरते," मी म्हटलं. "तुम्ही खा."

"तू सकाळी उपमा खाल्लास."

खाल्ला होता. वर लोणच्याची फोडही खाल्ली होती. निखिलने दोन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं होतं, त्याला तर विचारायचीच सोय नव्हती.

"वेट," इरा म्हणाली. "सो इट्स लाइक सबिंग? लाइक इन सॉकर? समवन कॅन गो इन फॉर हिम?"

"तसंच, बदली खेळाडू," मी म्हटलं.

"आय ओन्ली हॅड अ बनाना अँड ऑरेंज ज्यूस. डझ दॅट काउंट?"

रोज सकाळी ही मुलगी खात नाही म्हणून मुक्ता तिच्या मागे लागलेली असते.

"फळ चालतं," हे हळूच म्हणाले. मग म्हणाले, "नको बाळा. संध्याकाळपर्यंत आहे. भूक लागेल तुला."

"आजोबा, यू वेटेड युअर होल लाइफ. आय कॅन वेट टिल डिनर."

यांनी बाटली उघडली, इराच्या ओंजळीत थोडं पाणी ओतलं आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. तिने विचारलं, आता काय करू? पिऊन टाक, हे म्हणाले. ती प्यायली. मग यांनी सँडविच घेतलं आणि मान खाली घालून खाल्लं. दुसरंही खाल्लं. हळूहळू चेहऱ्यावर रंग परतला.

"बाबा, आता खाली जाऊ या," निखिल म्हणाला. "मुक्ता मला घरात घेणार नाही."

"मग माझ्याबरोबर कऱ्हाडला चल," मी म्हटलं. "चला, वर."

शेवटची चढण हिमोढाची (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा ढिगारा). एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला इराचा खांदा. मी मागे, निखिल त्याच्या फवाऱ्यासह सर्वांत मागे. हे दर चार पावलांवर थांबत होते आणि शिकवायचं मात्र बंद झालं होतं.

ढिगारा संपला आणि समोर सगळं उघडलं. कड्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेला प्रचंड वाडगा, त्यात दुधट निळं तळं, तळ्यात तरंगणारे घराएवढे बर्फाचे तुकडे, आणि पलीकडे, कड्याच्या पायाशी टेकलेली, ती. मी पुस्तकातल्या चित्रावरून भलीमोठी कल्पना केली होती. तशी ती नव्हती. कड्यांवर पूर्वीच्या बर्फाच्या उंचीच्या खुणा दिसत होत्या, आणि त्यांच्या मानाने ती पार खाली बसली होती. जिथे तळं होतं तिथेही पूर्वी तीच होती. अंगावर मळकट रेघा, काठाला निळसर भेगा. तरीही डोळे हलेनात. एवढं भव्य आणि एवढं थकलेलं मी एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

हे काठाशी गेले आणि एका सपाट खडकावर बसले. त्या खडकात कोबी मधोमध चिरल्यासारखी गोल गोल नक्षी होती, आदिम शेवाळ्याची. एरवी त्यावर तासभर बोलले असते. आता काहीच बोलेनात. पाणी ठिबकत होतं, कुठूनतरी खळखळत होतं, मग आत खोल कुठेतरी कडाड् असा आवाज झाला आणि सगळी माणसं दचकली.

"आवाज," हे म्हणाले. "इतकी वर्षं शिकवली, पण हिला आवाज असतो हे मी एकदाही सांगितलं नाही. मला ठाऊकच नव्हतं."

त्यांचे डोळे भरून आले होते. काठाला लागलेल्या बर्फाच्या तुकड्यावर त्यांनी तळवा ठेवला. बोटं लाल झाली तरी काढेनात, शेवटी मीच हात ओढून घेतला आणि ओढणीत गुंडाळला. इरा थोड्या अंतरावर उभी होती. फोटो काढ ना, निखिल तिला म्हणाला. ती म्हणाली, नंतर.

उतरताना गुडघ्याने व्हायचा तो तमाशा केला. दर वळणावर बसत बसत आलो. खालच्या झुडपांमध्ये हकलबेरी (करवंदासारखी जांभळी रानफळं) पिकली होती. पांढऱ्या केसांच्या बाईने इराला ती ओळखायला शिकवली. फळ चालतं, हे इराने पाठच केलं होतं, ओठ जांभळे होईपर्यंत तिने खाल्ली. शेवटची बोट मिळाली. गाडीची डिकी उघडली तर खिचडीचा गोळा झाला होता. उपासाचंच ते. त्या पोरीने तो चमच्याने कापून कापून संपवला आणि लाडवांकडे वळली.

संध्याकाळी रस्त्यालगतच्या खानावळीत उपास सोडला. पिझ्झा आला, पण यांनी ताटलीला हात लावला नाही. निखिलने एक घास तोंडात टाकला होता, यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आमच्याकडे सोमवार ज्याचा असतो त्याचं पान आधी वाढतात. यांनी पहिला तुकडा इराच्या ताटलीत ठेवला, पाणी तिच्याजवळ सरकवलं, आणि ती खायला लागेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले. हॉटेलातल्या मुलीने येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? "ऑल गुड," इरा तोंड भरून म्हणाली. मग हे जेवले.

ट्रॉयला परतलो तेव्हा मुक्ता दारात उभी होती. वडिलांची चाल बघून तिला सगळं कळलं. ती निखिलला बोलली, मला बोलली, आणि गुडघ्याला बर्फ बांधता बांधता यांना तर फारच बोलली.

भिशीच्या मैत्रिणींनी सांगितलंय, काय काय पाहिलंस ते लिहून पाठव. लाल-हिरवे खडक पाहिले, तळी पाहिली, मेंढ्या पाहिल्या, अस्वल दिसलं नाही. पण खरं विचाराल तर मी पाहिलं ते हे, की मनात धरलेली गोष्ट माणसाला उशिरा मिळाली तरी पुरते. आणि ती एकट्याच्या बळावर मिळत नाही. कोणाला तरी त्यासाठी उपाशी राहावं लागतं.

रविवारी मुक्ताकडे चार मराठी कुटुंबं जेवायला आली. त्यांतले एक देशपांडे काका निवृत्त इंजिनियर आहेत, इथेच बरीच वर्षं राहतात. त्यांनी विचारलं, "काय सर, हिमनदी पाहिलीत म्हणे! कशी असते?"

मी मनात म्हटलं, झालं, आता तासभर सुटका नाही. यांनी यू काढायला हात वर उचलला. मग तो तसाच खाली घेतला.

"जाऊन या," हे म्हणाले.

"जायचंय हो. आमचंही कधीचं चाललंय. बघू, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी नको," हे म्हणाले. "याच वर्षी जा."